कांदेपोह्यांची मीमांसा, अर्थात घरच्या घरी केलेल्या कौतुकाचे शास्त्र

घोड्यांची परीक्षा कशी करावी हे शालिहोत्राने सांगून ठेवले आहे. हत्तींच्या दुखण्यांवर पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद आहे. चोरीसारख्या उपेक्षित व्यवसायालाही शास्त्र होते, याची साक्ष ‘मृच्छकटिका’तला शर्विलक देतो. भिंत फोडण्यापूर्वी विटा भाजक्या आहेत की कच्च्या याचा तो शांतपणे विचार करतो आणि मापाची दोरी घरी राहिली म्हणून जानव्याने माप घेतो. मात्र रविवारी सकाळी बायको उठायच्या आत तिच्यासाठी कांदेपोहे करावेत असे एखाद्या सद्गृहस्थाच्या मनात आले, तर त्याने कोणता ग्रंथ उघडावा? तो बिचारा मोबाइल उघडतो आणि त्यातली बाई ‘नमस्कार मंडळी’ म्हणून आपल्या आजोळच्या आठवणी सांगू लागते. शास्त्रातली ही उणीव भरून काढावी, एवढाच प्रस्तुत प्रबंधाचा माफक हेतू आहे.

लक्षणविचार

प्रथम व्याख्या. जोडीदाराने मागितलेले नसताना, त्याला सुगावा लागू न देता, स्वतःच्या हाताने घरात केलेली आणि ‘तू आहेस म्हणून बरं चाललंय’ एवढाच जिचा अर्थ आहे अशी वस्तू किंवा कृती म्हणजे गृहकृत कौतुक. हे वाक्य तोंडाने म्हणून टाकले असते तर काम भागले असते, हा आक्षेप पोकळ आहे. ते वाक्य मराठी नवऱ्याच्या तोंडून निघत नाही, आणि चुकून निघालेच तर बायको त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहते. म्हणून तो अर्थ पोह्यांतून सांगावा लागतो.

व्याख्येचे तीन दोष नैयायिकांनी सांगितले आहेत. पहिला अतिव्याप्ती, म्हणजे नको ते आत घेणे. कोपऱ्यावरून आणलेला गजरा आमच्या व्याख्येत बसत नाही. ती खरेदी झाली. स्वतः कळ्या तोडून, केळीच्या सोपाने गाठी मारत केलेला गजरा बसतो, मग माळायच्या आतच त्यातल्या निम्म्या कळ्या गळून पडल्या तरी हरकत नाही. पाडव्याची ओवाळणीही बसत नाही. बलिप्रतिपदेला बायको औक्षण करणार आणि नवरा तबकात काहीतरी घालणार, हे दोघांनाही वर्षभर आधी ठाऊक असते. काय घालायचे तेही बहुतेक घरांत धनत्रयोदशीच्या आत दुकानात जाऊन ठरलेले असते. जिथे पावती तिच्याच पर्समध्ये आहे, तिथे विस्मयाला जागा नाही.

दुसरा दोष अव्याप्ती, म्हणजे हवे ते बाहेर ठेवणे. काही कर्मठांचे म्हणणे असे की ‘घरचे’ म्हणजे अथपासून इतिपर्यंत घरचे. हे मानले तर पोह्यांसाठी भात लावण्यापासून सुरुवात करावी लागेल आणि यंदाचा लग्नाचा वाढदिवस हातचा जाईल. तेव्हा पोहे वाण्याचे, गॅस कंपनीचा आणि हात फक्त आपला, एवढ्यावर शास्त्र समाधान मानते.

तिसरा दोष असंभव, म्हणजे जे जगात सापडतच नाही त्याची व्याख्या करणे. ‘बायकोला एकही प्रश्न न विचारता नवऱ्याने केलेला स्वयंपाक’ हे त्याचे उदाहरण म्हणून देतात. या दोषाचा परिहार शेवटी येईल.

पूर्वसूरी

ग्रंथ नसला तरी दाखले पुष्कळ आहेत. वाल्मीकी रामायणाच्या सुंदरकांडात सीता हनुमंताजवळ रामासाठी खुणेची एक गोष्ट सांगते. एकदा तिचा टिळा पुसला गेला तेव्हा रामाने मनशिळेचा टिळा तिच्या गालाजवळ रेखला होता. अंगठी आली होती आणि चूडामणी जायचा होता. पण दागिने हातोहात फिरतात, टिळ्याची गोष्ट मात्र दोघांनाच माहीत. यावरून निघणारा पहिला सिद्धांत असा की घरगुती कौतुक अडचणीच्या वेळी ओळखपत्र म्हणून चालते.

दुसरा दाखला भीमाचा. वनपर्वात वाऱ्याबरोबर उडत आलेले सौगंधिक कमळ द्रौपदीला आवडते आणि ती आणखी हवीत म्हणते. मागणी आल्यामुळे आमच्या व्याख्येनुसार प्रकरण इथेच बाद होते, तरी परिणामांसाठी ते अभ्यासण्याजोगे आहे. भीम निघतो. वाटेत म्हाताऱ्या वानराचे शेपूट त्याला हलवता येत नाही आणि तो वानर हनुमान निघतो. पुढे कुबेराच्या तळ्यावर पहारेकरी राक्षसांशी हातघाई होते. इकडे भीम गेला कुठे म्हणून युधिष्ठिर सगळ्यांना घेऊन शोधत येतो, तर हा काठावर गदा उगारून उभा आणि सभोवार प्रेतांचा खच. फुले मिळाली, परंतु आवरायला सगळे कुटुंब लागले. नवऱ्याने हौसेने केलेल्या पावभाजीनंतरचा ओटा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वर्णन अतिशयोक्त वाटणार नाही.

हाच भीम पुढे विराटाच्या मुदपाकखान्यात बल्लव नावाने आचारी होता. द्रौपदी त्याच राजवाड्यात सैरंध्री होती. एका रात्री ती मुदपाकखान्यात गेलीही. पण कीचकाची तक्रार घेऊन गेली, जेवायला नव्हे. जी गोष्ट नोकरीत करतो ती बायकोसाठी करायची नाही, ही परंपरा किती जुनी आहे हे यावरून ध्यानात येते.

पारिजाताचे प्रकरण सर्वश्रुत आहे. झाड सत्यभामेच्या अंगणात आणि सडा रुक्मिणीच्या. स्वर्गातून झाड आणताना जो उत्साह दाखवला, तो लावण्याआधी भिंतीपलीकडे कोण राहते हे पाहण्यात दाखवला नाही.

पोह्यांसंबंधीचा दाखला भागवताच्या दशम स्कंधात आहे. सुदाम्याच्या बायकोने शेजारच्या ब्राह्मणांकडून चार मुठी पोहे मागून आणले आणि फडक्यात बांधून नवऱ्याजवळ दिले. शेजाऱ्यांपुढे हात पसरला तिने, पुरचुंडी बांधली तिने, आणि गेली काही शतके जग त्यांना ‘सुदाम्याचे पोहे’ म्हणते. स्वयंपाकघरातील श्रेयवाटपाचे तत्त्व इथे कायमचे ठरून गेले.

वर्गीकरण

वात्स्यायनाने कामसूत्रात चौसष्ट कला दिल्या आहेत. लोक पुस्तक विकत घेतात ते वेगळ्याच अपेक्षेने, आणि यादीत त्यांना शिवणकाम सापडते. हार गुंफणे, तऱ्हेतऱ्हेच्या भाज्या व खाद्ये रांधणे, सरबते तयार करणे, वेताचे विणकाम, सुतारकाम, असे सगळे त्यात आहे. त्या मुनीला संसार कळला होता. त्याच्या आधाराने आम्ही गृहकृत कौतुकाचे पाच वर्ग करतो.

*सूत्रवर्ग.* हा बहुधा बायकोकडून नवऱ्याकडे जातो. याचा मुकुटमणी हाती विणलेला स्वेटर. माप चोरून घ्यावे लागते. नवऱ्याचा जुना शर्ट पलंगावर पसरून वितीने मोजतात, दुपारी विणतात आणि दाराची कडी वाजली की सुया-लोकर उशीखाली सरकवतात. ठाण्या-मुंबईच्या माणसाला हा स्वेटर घालायला जानेवारीत एखादी पहाट मिळते, तीही तो पहाटे उठला तर. तरी तो दिवाणखान्यात घालून बसतो आणि घाम पुसत ‘झकास ऊब आहे’ म्हणतो. हे प्रतिकौतुक होय. त्याला स्वतंत्र ग्रंथ लागेल.

*शर्करावर्ग.* लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सुनेला काळी साडी नेसवून हलव्याचे दागिने घालतात. परातीत तीळ किंवा खसखस घेऊन ती मंद आचेवर ठेवायची, एकतारी पाक चमचा-चमचा सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी दाणे सतत हलवत राहायचे. पाक जास्त पडला की दाण्यांचा गोळा होतो, आच वाढली की पांढरा रंग जातो आणि घाई केली की उठलेला काटा मोडतो. असे थरावर थर देत दिवसचे दिवस गेले की तिळाच्या अंगावर तो पांढराशुभ्र काटा उभा राहतो. मग त्याचे मंगळसूत्र, बाजूबंद, बिंदी, आणि जावईबापूंसाठी हार नि नारळ. लॉकरमध्ये ठेवता येत नाही, गहाण टाकता येत नाही आणि मुंग्यांखेरीज कोणी चोरत नाही, असा हा जगातला एकमेव दागिना. तो सहसा सासवा-मावश्या करतात. एखाद्या नवऱ्याने स्वतः केल्यास ती या शास्त्रातली पीएच.डी. समजावी.

*अक्षरवर्ग.* यात चिठ्ठी, कविता आणि उखाणा. पैकी उखाणा चारचौघांच्या आग्रहाने घेतला जातो, म्हणून विस्मयातून वगळावा. नवऱ्याने केलेल्या कवितेत ‘तू’ला ‘ऋतू’ जुळवलेला असतो, आणि ‘हेतू’ शेवटच्या कडव्यापर्यंत कळत नाही.

*दुरुस्तीवर्ग.* गळका नळ, कुकरची सैल रिंग, डुगडुगणारे स्टूल, बंद न होणारा कपाटाचा ड्रॉवर. बायकांच्या मते हा वर्ग सर्वश्रेष्ठ. पुरुष त्याची गणनाच करत नाहीत, कारण नळ गळत नसल्याचा फोटो काढता येत नाही.

*पाकवर्ग.* यात सर्वाधिक प्रयोग होतात आणि सर्वाधिक हानीही, म्हणून त्याचा विस्तार स्वतंत्रपणे करतो.

प्रयोगविधी

जाड पोहे रोळीत घेऊन नळाखाली धुवावेत, पाणी निथळू द्यावे, मीठ-साखर लावून झाकून ठेवावेत. पूर्वतयारी एवढीच. परंतु नवशिक्या नवऱ्याने घरात मटकी भिजत घातलेली पाहिलेली असते, त्या न्यायाने तो पातेलेभर पाण्यात पोहे बुडवून कांद्याकडे वळतो. प्रयोगाचा निकाल इथेच लागलेला असतो. उरते ती केवळ त्याची अंमलबजावणी.

कांदा चिरला की त्याच्या पेशी फुटून गंधकयुक्त वायू सुटतो आणि डोळ्यांना झोंबतो. नेमक्या या टप्प्याला बायको पाणी प्यायला उठली तर अंधाऱ्या स्वयंपाकघरात नवरा सुरी हातात घेऊन रडताना दिसतो. ‘अहो, ऑफिसात काही झालं का?’ असे ती विचारते. तिथून पोह्यांपर्यंत संभाषण आणणे फार अवघड जाते.

पुढे फोडणी. तेल नीट तापले की मोहरीतल्या पाण्याची वाफ होऊन ती तडतडते. प्रयोगकर्ता थंड तेलात मोहरी टाकून तिच्याकडे पाहत उभा राहतो. काही होत नाही म्हणून आणखी तेल घालतो. नमनाला घडाभर तेल ही म्हण अशाच एखाद्या स्वयंपाकघरात सुचली असावी. मग आच एकदम वाढवतो. मोहरी तडतडायची ती ओट्यावर, भिंतीवर आणि चष्म्यावर तडतडते, हळद पडताक्षणी काळी पडते, आणि त्याच क्षणी त्याच्या ध्यानात येते की हिंग राहिला.

आता तो कळीचा प्रश्न: ‘अगं, हिंग कुठंय?’ या तीन शब्दांनी विस्मयाचा मुडदा पडतो. नव्या पिढीत ‘अगं’च्या जागी नाव आले आणि ‘अहो’च्या जागी ‘अरे’, तरी हिंगाची जागा कुणाला सापडलेली नाही. आतल्या खोलीतून उत्तर येते, ‘डाव्या हाताच्या कपाटात, वरच्या कप्प्यात, चहाच्या डब्यामागे, पिवळं झाकण.’ अर्धवट झोपेतल्या बाईला हे सगळे डोळ्यांपुढे दिसते. डोळे उघडे असलेल्या माणसाला पिवळे झाकण दिसत नाही.

प्रमाणविचार आणि रसविचार

विस्मय उघडकीला येतो कसा? डोंगरावरचा धूर पाहून तिथल्या अग्नीचे अनुमान करावे, हे न्यायशास्त्रातले ठरीव उदाहरण. गृहशास्त्रात धुरावरून नवऱ्याचे अनुमान करतात. भांडे पडल्याचा आवाज आणि त्यामागोमाग आलेली अनैसर्गिक शांतता हे पूरक लिंग, म्हणजे अनुमानाची खूण होय. शब्दप्रमाण मुले पुरवतात: ‘आई, बाबा तुला सांगू नको म्हणालेत.’

आता रस. भरतमुनींनी आठ रस सांगितले, नववा शांत मागाहून आला. विस्मय हा अद्भुतरसाचा स्थायीभाव असल्यामुळे ताटली समोर येताच प्रथम अद्भुत उत्पन्न होतो. ओटा दिसताच भयानक. सिंकमध्ये डोकावताच बीभत्स. महिनाअखेरपर्यंत पुरवायच्या तेलाची बरणी पाहून करुण. पदर खोचून ती घासणी हातात घेते तो वीर. ‘तू बस ना, मी करतो नंतर,’ असे पेपरामागून ऐकू येताच रौद्र. संध्याकाळी बहिणीला फोनवर सांगताना हास्य, आणि रात्री सगळे आवरल्यावर शांत. हे सारे ज्याच्यासाठी आरंभले होते, त्या शृंगाराला वेळ उरत नाही.

संख्याविचार

आधुनिक शास्त्र आकड्यांशिवाय पुरे होत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळवापराची पाहणी केली. सहा वर्षांवरील लोकांत, घरच्या माणसांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात घालवत होत्या आणि पुरुष ९७ मिनिटे. हे ९७ सगळ्या पुरुषांचे नव्हेत. असे काही काम करणारे पुरुष मुळात २६.१ टक्के निघाले, बायका ८१.२ टक्के.

प्रस्तुत शास्त्राच्या दृष्टीने याचा अर्थ असा की चारांतले जवळजवळ तीन पुरुष विस्मयाचे भांडवल राखून बसलेले आहेत. जो घरात काडी हलवत नाही, त्याने चहा टाकला तरी सोसायटीत बातमी होते. त्याच्या विस्मयाचा दर चढा, कारण पुरवठा नाही.

उलट बायकोचे पाहा. मंगळवारच्या डब्यात न मागता भरली वांगी निघतात. शर्टाचे बटण तुटायच्या बेतात असताना तिने टाचून ठेवलेले असते. दुखऱ्या गुडघ्याला लावायचे तेल रात्री कोमट होऊन उशाशी येते. न मागता, न सांगता, स्वतःच्या हाताने केलेले; आमच्या व्याख्येत इतके चपखल बसणारे दुसरे काही नाही. फक्त थक्क कोणी होत नाही, कारण ते २९९ मिनिटांत विरघळून जाते. भाट्ट मीमांसकांनी आणि वेदान्त्यांनी अनुपलब्धी असे एक वेगळे प्रमाण मानले आहे. एखादी गोष्ट नाही, हे कळण्याचे ते साधन. बायकोचे कौतुक नवऱ्याला याच प्रमाणाने कळते: ती माहेरी गेल्यावर.

सिद्धांत

आता असंभव दोषाचा परिहार. प्रश्न न विचारता स्वयंपाक करणारा नवरा जगात सापडत नाही म्हणतात. सापडतो, आणि त्याची बायको आपल्या विदर्भाचीच आहे.

महाभारतातल्या नलोपाख्यानात रूप पालटलेला नल बाहुक नावाने, ऋतुपर्णाचा सारथी म्हणून, दमयंतीच्या माहेरी येतो. तिला संशय येतो. ती केशिनी नावाच्या दासीला पाळतीवर ठेवते. केशिनी येऊन सांगते की या माणसाने नुसते पाहिले की रिकामी भांडी पाण्याने भरतात आणि गवताची मूठ धरली की ती पेट घेते. दमयंती त्याने शिजवलेले मांस मागवते, चाखते, आणि हा नलच म्हणून ओळखते. कारण व्यासांनी स्पष्ट दिले आहे: त्याच्या हातचे तिने पूर्वी पुष्कळदा खाल्ले होते. म्हणजे निषधाचा राजा एरवीही चुलीपाशी जात होता. ‘पाकदर्पण’ हा पाकशास्त्राचा ग्रंथ त्याच्या नावावर चालतो तो उगाच नव्हे.

चेहरा ओळखू येईना, तिथे हाताची चव ओळखू आली. वर्षातून एकदा पोहे करणाऱ्या नवऱ्याचे रूप उद्या पालटले, तर बायकोने त्याला कशावरून ओळखावे? फार तर ओट्यावरून.

तेव्हा या प्रबंधाचा निर्णय असा. नवऱ्याने केलेले पोहे पाहून बायकोचा आ वासत असेल, तर तो त्याच्या थोरवीचा पुरावा नसून आजवरच्या गैरहजेरीचा आहे. हिंग कुठल्या झाकणाखाली आहे, तिच्या चहात साखर किती लागते, तिला पोह्यांवर खोबरे आवडते की शेव, एवढे ज्याला न विचारता माहीत आहे, त्याने निम्मे कौतुक चूल पेटवण्याआधीच करून टाकलेले असते. उरलेले निम्मे चूल विझल्यावर करायचे असते, आणि त्याला घासणी लागते. मधला पोह्यांचा भाग त्या मानाने गौण आहे. ते थोडे गिचगिचीत झाले तरी ती खाते.

म्हणून तमाम सद्गृहस्थांना विनंती की येत्या रविवारचा बेत असेल तर शनिवारी रात्री कपाट उघडून डबे पाहून ठेवावेत. पोहे निथळत ठेवावेत, बुडवू नयेत. आणि ओटा पुसून, कढई घासून पालथी घातल्याशिवाय बायकोला हाक मारू नये.